पीटूपी कर्ज काढून घराची गळती काढली, सांगलीतला अनुभव

आमचं घर सांगलीत गावभागात, जुनं. २०१९ च्या महापुरात खालच्या खोल्यांत पाणी आलेलं, २०२१ ला परत, तेव्हापासून भिंतींना ओल धरलीय ती धरलीयच. त्यात वरच्या स्लॅबचे पोपडे पडून सळ्या दिसायला लागल्या आणि एकदा सासूबाईंच्या कॉटवर तळहाताएवढा तुकडा पडला, त्या नशिबाने देवघरात होत्या. तेव्हा ठरवलं, पावसाच्या आत काम करायचंच. मिस्त्रींनी वॉटरप्रूफिंग, गिलावा सगळं धरून २ लाख सांगितले.

बँकेने उतारा मागितला, आणि उताऱ्यावर अजून आजेसासऱ्यांच्या वारसांची सात नावं, कोण पुण्यात कोण बेळगावला, सह्या गोळा करेपर्यंत दिवाळी आली असती. पतसंस्थेत दोन जामीनदार पाहिजेत, आणि कुणाच्या दारात जामीन राहा म्हणून जायचं मिस्टरांच्या जिवावर येतं. मग अ‍ॅपवरून पीटूपी (पीअर-टू-पीअर, म्हणजे माणसाने माणसाला दिलेलं) कर्ज घेतलं.

यात कंपनी स्वतःचे पैसे देतच नाही, ती फक्त मध्ये असते, पैसे देणारे आपल्यासारखेच लोक. रिझर्व्ह बँकेचे २०१७ पासून यासाठी वेगळे नियम आहेत: एक माणूस एका कर्जदाराला जास्तीत जास्त ५० हजार देऊ शकतो, कर्जदाराला सगळी अ‍ॅप मिळून १० लाखांच्या वर घेता येत नाही, मुदत ३६ महिन्यांच्या आत, आणि तारण घेता येत नाही. म्हणून आमचं उताऱ्याचं घोडं इथे अडलं नाही. देणाऱ्याचं नाव नंबर आपल्याला दिसत नाही, रक्कम तेवढी दिसते. कुणी १० हजार, कुणी नुसते ५०० दिलेले. ते ५०० बघून मला खरंच भरून आलं, कोण कुठला माणूस, आमच्या स्लॅबसाठी पैसे देतोय.

आता तक्रार. जाहिरातीत ३ दिवस लिहिलेलं, रक्कम पूर्ण भरायला ११ दिवस लागले. आम्ही मिस्त्रींना आधीच बोलावून ठेवलेलं, वाळू येऊन पडलेली, शेवटी ४० हजार नणंदेकडून घेऊन काम सुरू केलं. तुम्ही तसं करू नका, पैसे खात्यात आल्याशिवाय गच्ची फोडायला देऊ नका.

दुसरं म्हणजे हातात पूर्ण २ लाख येत नाहीत. ४ टक्के फी आणि त्यावर जीएसटी, असे ९,४४० आधीच कापले, आले १,९०,५६०. व्याज १८ टक्के, २४ महिने, हप्ता ९,९८५. पतसंस्था १३ टक्के म्हणत होती म्हणून मला आधी हे फार महाग वाटलं, पण मिस्टरांनी कागदावर मांडलं तर तिथले १३ फ्लॅट होते, म्हणजे हप्ते फेडत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण २ लाखांवरच, दोन वर्षांचं ५२ हजार. इथे व्याज उरलेल्या मुद्दलावर, ते होतं साधारण ३९,६००, आणि फी धरली तरी ४९ हजारांच्या आसपास. म्हणजे टक्के ऐकून ठरवायचं नाही, एकूण रुपये किती जाणार ते विचारायचं. सोनं शिल्लक असेल तर गोल्ड लोन याच्यापेक्षा बहुतेक स्वस्त पडेल, आमच्या पाटल्या मुलीच्या अ‍ॅडमिशनला गेल्या.

हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो आणि एस्क्रो खात्यात (कंपनीच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवलेलं मधलं खातं) जातो, तिथून देणाऱ्यांना. तरीसुद्धा तारखेच्या ४ दिवस आधीपासून फोन सुरू, तेही रात्री ८ च्या आसपास. एकही हप्ता चुकलेला नाही तरी सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या सावकार मागे लागला का काय. मी लेखी तक्रार केली तेव्हा दोन महिन्यांनी फोन थांबले. कुणी फोनवरून वेगळ्या नंबरला पैसे टाका म्हटलं तर अजिबात टाकू नका, आणि घ्यायच्या आधी कंपनी रिझर्व्ह बँकेच्या पीटूपी यादीत आहे का ते बघाच.

५ पैकी साडेतीन देईन, अर्धा त्या फोनचा कापला आणि एक त्या ११ दिवसांचा.