गाडी बंद, काटा ४० वर: ७,८५० रुपयांची टोपी

उद्यमनगर भागातल्या एका गॅरेजवाल्यानं ऑइल प्रेशर मीटरच्या (इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याच्या) नावाखाली मला ७,८५० रुपयांना टोपी घातली. नाव लिहीत नाही, वकिलानं नको म्हणून सांगितलंय. पण तुमच्याकडं जुनी कास्ट आयर्न बुलेट असेल आणि कोणी "मीटर बसवा साहेब, इंजिनची नाडी हातात राहील" असं म्हणालं, तर पैसे काढायच्या आधी हे वाचा.

आधी भीती घालायची, मग काम काढायचं, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होती. पण इथं भीती घालायला यंत्रच होतं, आणि यंत्र खोटं बोलत नाही असं आपण धरून चालतो.

मीटर आणि फिटिंगचे १,८५०. रॉकरला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, इंजिनच्या डोक्यावरच्या दांड्यांना) तेल नेणाऱ्या बाहेरच्या पाइपच्या बँजो बोल्टला, म्हणजे मधून तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टला, जोड काढून नळी हँडलपर्यंत आणली. मीटर ० ते १०० पीएसआयचं (पीएसआय म्हणजे दाबाचं माप). थंड इंजिनला काटा बरा चढायचा, तापल्यावर आयडलिंगला शून्याला टेकायचा. "तेलाचा पंप गेला साहेब. इंजिनचा क्रँक जाम झाला की मग रडायची पाळी." तापलं की तेल पातळ होतं आणि या जुन्या इंजिनात प्रेशर मुळातच कमी. १०० च्या तबकडीवर ते मेल्यासारखंच दिसणार. मला हे नंतर कळलं, त्याला आधीच माहीत होतं.

मग पंपाचे ३,६००, मजुरी १,५००, तेलाचे ९००. वर "पहिलं मीटर हलकं होतं" म्हणून दुसरं फुकट. फुकट! आणि हे दुसरं हँडलवर नाही, खाली इंजिनजवळ. "हँडलवर थरथरून काटा तुटतो." ऐकायला पटतं की नाही? पण खाली बसवल्यावर चालवताना ते दिसतच नाही, आणि न दिसणंच त्याला हवं होतं.

गाडी ताब्यात घेताना त्यानं किक मारली, काटा ४० वर. रेस केली, ४०. बंद केली, तरी ४०. मी विचारलं, "बंद गाडीला कसलं प्रेशर?" तो हसला. "ग्लिसरीनचं मीटर हाय हे, काटा सावकाश उतरतो." तेवढ्यात चहा आला. पहिलं मीटर गाडी बंद झाली की शून्यावर यायचं, हे मी रोज पाहिलेलं. तरी गप्प बसलो. कारण ग्लिसरीन भरलेल्या मीटरात काट्याची थरथर कमी होते हे खरंच आहे. अर्ध्या खऱ्यात गुंडाळलेली थाप कुणालाही पचते. चहा संपेपर्यंत थांबून परत वाकून बघायला हवं होतं, हे आता रात्री-अपरात्री आठवतं.

वाघबिळाच्या चढाला रॉकर खडखडायला लागले. बूट तेलानं माखलेला, इंजिनातलं तेल तळाला. काटा? ४०!

ओळखीच्या एका लेथवाल्यानं खोललं. मीटरच्या नळीच्या तोंडात रबराचा बूच. काटा आतून चिकटवलेला. बँजोला तांब्याचे वॉशर जुनेच, म्हणून गळती. आणि पंपावरच्या झाकणाच्या स्क्रूच्या खाचेत जुनी मळी तशीच. म्हणजे झाकण उघडलंच नव्हतं, पंप बदलायचा कुठून!

पावती नाही म्हणून मलाच शिकवू नका. त्या गल्लीत पावती मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ५,००० यूपीआयनं दिले, तेही त्यानं भाच्याच्या नंबरवर घेतले, २,८५० रोख. तुम्ही तरी दुकानाच्या नावावरच पैसे टाका.

चौकीत गेलो. "हे दिवाणी प्रकरण." म्हटलं, ४२० ची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८ नं घेतलीय, पण फसवणूक गुन्हाच आहे की. "मग वकील तुम्हीच व्हा." लेखी अर्ज दिला, तर पोच द्यायला शिक्का सापडेना. शिक्का सापडला तर साहेब बंदोबस्ताला. वजनमापांच्या कचेरीत गेलो, मीटर खोटं म्हणजे माप खोटं, असा आपला भाबडा हिशेब. तिथं गाडीचं मीटर त्यांच्याकडं येत नाही म्हणून परत चौकीकडं बोट. चौकीत नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून गोष्ट. एकानं तर विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" खोटा काटा टेबलावर ठेवलाय आणि याला ॲव्हरेज हवंय!

ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून आधी विचारून घ्या. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय नव्याचे पैसे देऊ नका. पंपाची शंका असेल तर इंजिन चालू ठेवून रॉकरचा बँजो किंचित सैल करा, तेल पाझरलं तर पंप तेल देतोय. जपून, तेल गरम असतं. मीटर बसलं की थंड आणि तापलेलं, दोन्ही रीडिंग बघा. दोन्ही सारखी आली तर गाडी तिथंच सोडा आणि भांडा.

परवा त्यानं मध्यस्थाकरवी ६०० रुपये पाठवले, "मीटरचे घ्या आणि विषय संपवा." परत पाठवले. तक्रारीत आता तेही लिहिलंय.