गोल्डफिशची पिल्लं आणि पहिलं खाणं: अंड्याचा बलक की आर्टेमिया?

टँकमधे अचानक अंडी दिसली, आईबाप ती गट्ट करायच्या आत झाडांसकट उचलून वेगळ्या टबात ठेवली, पांढरी पडलेली काढून टाकली, इथपर्यंत बहुतेक जण आपापलं निभावतात. गाडी अडते ती त्याच्या पुढे. पिल्लं पोहायला लागली, आता यांना द्यायचं काय? घरातले पेलेट कितीही कुटले तरी सुरुवातीला चालत नाहीत. मग दोन सल्ले मिळतात, अंडं उकडून बलक द्या नाहीतर आर्टेमिया काढा, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, यांची सुकी अंडी विकत मिळतात आणि ती घरी फोडायची. मी दोन्ही केलंय. एका बॅचला बलक, पुढच्या बॅचला आर्टेमिया.

बलकाची बाजू आधी, कारण ती खरंच सोपी आहे. अंडं कडक उकडायचं, हरभऱ्याच्या डाळीएवढा बलक मलमलच्या फडक्यात घ्यायचा, वाटीभर पाण्यात पिळायचा आणि ते ढगाळ पाणी ड्रॉपरने थोडं थोडं सोडायचं. खर्च जवळपास शून्य, रात्री अकरा वाजता गरज पडली तरी कोपऱ्यावरच्या दुकानात अंडं मिळतं. पिल्लं खातातही, नाही असं नाही. (ज्यांच्या घरात अंडं चालत नाही त्यांचा प्रश्न तिथेच मिटला. गंमत म्हणजे त्याच घरात आर्टेमियाची बाटली ओट्याच्या कडेला दिवसभर बुडबुडत असते आणि कोणाची काही हरकत नसते, कारण आत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही.)

पण बलक हलत नाही. पिल्लू हलणाऱ्या गोष्टीवर तुटून पडतं, बलकाचा कण तोंडासमोर आला तर खातं नाहीतर तो खाली जातो, आणि खाली गेलेला कण आपल्याकडच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत सडायला लागतो. तळाला पांढरट बुरशीसारखा थर, वर तेलकट तवंग, आणि पाण्याला तो वास. अमोनिया वाढतो तो वेगळाच. मग रोज तळ साफ करणं आलं, आणि मला बलक नकोसा झाला तो नेमका या कामामुळे. एअर पंपाची बारीक नळी घेऊन सायफन लावायचा, बलकाचा थर ओढायचा, आणि त्याच्याबरोबर पिल्लंही येतात, कारण तीही तळालाच बसलेली असतात आणि तेव्हा त्यांना ना रंग ना रूप, दोन डोळे आणि एक काडी. म्हणून सायफनचं पाणी थेट मोरीत न सोडता पांढऱ्या भांड्यात घ्यायचं, बॅटरी मारून बघायचं, चमच्याने एकेक पिल्लू परत टबात सोडायचं. ऑफिसला जायच्या आधी हे रोज करून बघा. माझी कंबर आणि घरातली शांतता दोन्ही गेलं, आणि एवढं करूनही त्या बॅचमधली बरीच पिल्लं पहिल्याच आठवड्यात कमी झाली. दोष सगळा बलकाचाच असेल असं म्हणणार नाही, टबही लहान होता.

आर्टेमियाची कटकट वेगळी आहे, आणि ती आहेच. लिटरभर पाण्यात 25-30 ग्रॅम जाडं मीठ आणि आर्टेमियाची अंडी, उलटी लटकवलेली कोल्ड्रिंकची बाटली, खालपर्यंत हवेची नळी, वर एक दिवा. 26-28 डिग्रीला साधारण 24 ते 36 तासांत केशरी धूळ हलायला लागते. पुण्यात डिसेंबरमधे हेच जास्त रेंगाळतं. रोज ताजं हवं तर दोन बाटल्या आलटून पालटून लावाव्या लागतात. टरफलांचं मात्र सांभाळा, हवा बंद केली की ती वर तरंगतात, जिवंत आर्टेमिया उजेडाकडे गोळा होतात, तिथून नळीने ओढून बारीक फडक्यात गाळायचे आणि साध्या पाण्याने धुऊन द्यायचे. स्वस्त नाही, जगात विकली जाणारी बरीच आर्टेमिया अमेरिकेतल्या युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येते. त्यात सुट्या पुडीत बांधून विकलेला माल दमट झालेला असला तर निम्मी अंडी फुटतच नाहीत, पावसाळ्यात तर विचारूच नका. सीलबंद छोटा डबा घ्या आणि उघडल्यावर घट्ट झाकून फ्रिजमधे ठेवा.

पण टबात सोडल्यावर फरक दिसतो. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तास तरी जिवंत राहतात, वळवळतात, पिल्लं मागे लागतात आणि थोड्या वेळात प्रत्येकाचं पोट केशरी दिसतं, म्हणजे कोण जेवलं कोण उपाशी ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. तळाला मेलेले थोडे उरतात, ते काढावे लागतातच, पण तो चिकट थर नाही. सायफन एक दिवसाआड आला तिथेच माझ्यापुरता निकाल लागला. पिल्लं मोठीही लवकर झाल्यासारखी वाटली, फूटपट्टी घेऊन बसलो नव्हतो.

तिसरा सल्ला हिरव्या पाण्याचा, उन्हात टब ठेवून शेवाळ धरू द्यायचं. पाणी चांगलं राहतं, पिल्लं मधे मधे टिपत राहतात, जोडीला उत्तमच. पण बाल्कनीतला उघडा टब म्हणजे डासांच्या अळ्या, आणि डेंग्यूच्या दिवसांत पालिकेची माणसं तपासायला आली की उत्तर तुम्हाला द्यायचंय. जाळी लावा.

बलक अगदीच टाकाऊ नाही. पिल्लं थोडीच असतील, टब मोठा असेल आणि दिवसभर घरात कोणी असेल तर निभतं. फक्त "आत्ता लगेच काहीतरी द्यायला हवं" म्हणून बलकाकडे वळू नका, तेवढी घाई नसते. 24-25 डिग्रीला अंडी फुटायला तीन-चार दिवस लागतात, त्यानंतर दोनेक दिवस पिल्लं काचेला चिकटून पोटातल्या साठ्यावरच जगतात, तेव्हा काही द्यायचंच नसतं. अंडी दिसली त्याच दिवशी डबा मागवला तर बाटली लावायला पुरेसा वेळ मिळतो. डबा यायला उशीर झालाच तर मधले एक-दोन दिवस बलक द्या, पण डाळीएवढा नको, त्याच्या अर्धाच, आणि पांढरं भांडं जवळ ठेवा.