जीएम पॉप्लरचा वंश रानात जाऊ नये म्हणून: अंतर, एकलिंगी लागवड की वंध्य झाड?

पॉप्लर या लाकडासाठी लावल्या जाणाऱ्या झाडामध्ये नवं जनुक घालणं तुलनेने सोपं, पण झाड वयात आल्यावर त्याला आवरणं कठीण. मादी झाडावरून कापसासारखी म्हातारी सुटते, तिच्यात बारीकसं बी असतं आणि वारा ते कुठल्या कुठे नेतो. परागही वाऱ्यावरच जातात. म्हणून जीएम, म्हणजे जनुकबदल केलेल्या, झाडांची लागवड ठरवताना तंत्राआधी एकच गोष्ट बघा: या झाडाचे रानटी भाऊबंद जवळपास आहेत का?

नसतील तर काम बरंच हलकं होतं. ब्राझीलने 2015 मध्ये जीएम निलगिरीला मान्यता दिली. निलगिरी मूळची तिथली नाही, त्यामुळे रानात संकराची भीती कमी. मधपाळांची परागांबद्दलची तक्रार मात्र राहिलीच. आसामात 2021 साली चाचणीसाठी लावलेलं जीएम रबरही मुळात अमेझॉनकडचं. अशा ठिकाणी अंतर राखणं आणि काटेकोर नोंदी ठेवणं बहुधा पुरेसं होतं.

भाऊबंद असतील तर फुलण्याआधी तोडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. चार-पाच वर्षांच्या संशोधन चाचणीला तो चालेल. पण हजारो एकरांवर, मालक बदलले, तोड लांबली, तर सगळा भरवसा माणसांच्या शिस्तीवर येतो. व्यापारी लागवडीला मी हा एकटा उपाय सुचवणार नाही.

पॉप्लरमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून एकाच लिंगाची लागवड सुचवली जाते. त्याने अर्धंच दार बंद होतं. नर लावले तर पराग उडतात, मादी लावल्या तर रानटी परागांवर बी धरतं. चीनने 2002 मध्ये मान्य केलेल्या बीटी (कीड मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या) पॉप्लरपैकी 741 हे वाण मादी आणि जवळपास वंध्य होतं, म्हणून तिथे निभावलं. हरितलवक (पेशीतला हिरवा कण) बहुतेक झाडांत परागातून जात नाही, म्हणून त्यात जनुक घालायची युक्तीही सुचवली जाते; पाइनमध्ये ती तर उलटी पडते, कारण त्याचं हरितलवक परागातूनच पुढे जातं.

खरी निवड उरते ती वंध्यत्वाच्या दोन वाटांत. पहिली, फुलाच्या पेशी मारणारं बार्नेज हे विकर. अमेरिकेत थंडी सोसणाऱ्या जीएम निलगिरीत पराग बंद करायला ते वापरलं गेलं. पण ते थोडंसं जरी भलत्या पेशीत झिरपलं तरी झाड खुरटतं. पॉप्लरमध्ये हा अनुभव आलेला आहे.

दुसरी वाट म्हणजे फूल घडवणारं लीफी हे जनुकच गप्प करणं. ऑरेगन राज्य विद्यापीठात स्टीव्हन स्ट्रॉस यांच्या गटाने सुमारे 9 एकरांवर 3,300 पॉप्लर लावून सात वर्षं पाहिले. लीफी दाबलेल्या काही मादी झाडांचे तुरे इवलेसे राहिले, त्यांत रुजणारं बी धरलं नाही, आणि वाढ मात्र नेहमीसारखी. क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्राने हेच जनुक कायमचं मोडता येतं. निलगिरीत तसं केल्यावर फुलांच्या जागी नुसत्या फांद्यांवर फांद्या फुटत राहिल्या. दाबलेलं जनुक पुढे कधी जागं होईल का, ही शंका इथे उरत नाही. म्हणून माझं मत क्रिस्परला. अट एवढीच की दोन्ही प्रती मोडल्याची खात्री प्रत्येक रोपओळीत (एकाच बदललेल्या पेशीपासून वाढवलेल्या रोपांत) करून घ्यावी, आणि हरितगृहातल्या निकालावर न थांबता झाडं शेतात फुलण्याच्या वयापर्यंत पाहावीत.

निलगिरीसारख्या झाडाचं फूल गेलं की मधमाश्यांचा चाराही जातो, हे नुकसान हिशेबात धरा. पॉप्लर वाऱ्यावर फळतो, तिथे ही झळ कमी.

आणि वंध्यत्व फक्त पराग आणि बी थांबवतं. पॉप्लर मुळांतून धुमारे सोडतो, ओल्या काठावर पडलेली फांदीही रुजते. तेव्हा कुठलंही तंत्र घ्या, प्लॉटभोवती चर, धुमारे काढायची दरवर्षीची मजुरी आणि तोडणीनंतरही काही वर्षांची देखरेख अंदाजपत्रकात लिहा.