महागडा कपॅसिटर की बरा वूफर? घरी स्पीकर बांधताना पैसा कुठे घालावा

स्पीकर घरीच बांधायचे ठरले की माणूस रात्री-रात्री पार्ट्सच्या याद्या चाळत बसतो. यादीत १० मायक्रोफॅरडचा एक साधा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर असतो. त्याच्याच खाली तेवढ्याच क्षमतेचा, चांदीचा मुलामा आणि आत तेल असलेला जर्मन किंवा डॅनिश कपॅसिटर असतो, दहा-पंधरा पट महाग. ‘एवढा खर्च केलाच आहे, तर अजून थोडा’ म्हणत हात दुसऱ्याकडे वळतो. खिसा रिकामा व्हायला सुरुवात होते ती इथूनच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. महाग ड्रायव्हरवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या वूफर (खालचे सूर) आणि ट्विटरवर (वरचे सूर), खर्च करण्यात काही जणांसाठी अर्थ आहे. महाग कपॅसिटर आणि वायर यांत हौशी माणसासाठी जवळपास कधीच नाही. आणि या दोन्हींच्या आधी घरात मोजमापाचा माईक यायला हवा.

ड्रायव्हर: साधा आणि भारीतला

साडेसहा इंची वूफर घ्या. एका बाजूला इंडोनेशियात बनणारे एसबी अकूस्टिक्सचे साधे वूफर किंवा डेटन ऑडिओचे. दुसऱ्या बाजूला स्कॅन-स्पीकची रेव्हलेटर मालिका किंवा प्युरिफाय, दोन्ही डेन्मार्कचे. किमतीतला फरक चार-पाच पटींचा, वर कुरिअर आणि कस्टम ड्युटी वेगळी.

हे जास्तीचे पैसे नुसते नावाचे नसतात. कोनाला (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) जोडलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, पुढे-मागे हलते तशी चुंबकाच्या लोखंडामुळे तिची इंडक्टन्स (बदलत्या विजेला होणारा अडथळा) बदलत राहते. तबल्याच्या बायाँचा घुमारा आणि गायकाचा आवाज एकाच वूफरमधून येत असतील, तर बायाँ घुमला की गायकाच्या आवाजावर त्याचा डाग पडतो. हे कमी करायला चुंबकाच्या खांबावर तांब्याची कडी किंवा टोपी बसवतात. रेव्हलेटरमध्ये ती आहेच, शिवाय कागदी कोनाला चिरा पाडून त्या गोंदाने भरलेल्या असतात, म्हणजे कोन स्वतः वाजत नाही. प्युरिफायच्या कडेचं रबर चित्रविचित्र उंचसखल दिसतं, तेही उगाच नाही. कोन आत-बाहेर जाताना हवा ढकलणारं क्षेत्रफळ बदलू नये म्हणून तो आकार आहे. असा वूफर खोल बास मोठ्या आवाजात देतो आणि तरी वरचा आवाज स्वच्छ राहतो.

आता तुमची खोली बघा. बहुतेकांची १० बाय १२ फुटांची बेडरूम, तीत कपाट, पलंग आणि सोसायटीतले शेजारी. १२ फुटांच्या लांबीमुळे साधारण ४७ हर्ट्झला आणि १० फुटांच्या रुंदीमुळे ५६ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. बसायची जागा हातभर मागे-पुढे केली की या पट्ट्यात जो फरक पडतो, तो दोन वूफरमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. त्यातून रात्री दहानंतर हळू आवाजात ऐकणार असाल, तर भारी वूफरची ताकद वापरलीच जात नाही. पण हॉल मोठा आहे, वेगळा सबवूफर नको आणि आवाज दणकून हवा, अशा माणसाला हा खर्च ऐकू येईल.

आणि मधला पर्याय विसरू नका. तांब्याच्या कडीचे वूफर मधल्या किमतीतही मिळतात. सगळ्यात जास्त सुधारणा याच टप्प्यावर होते. तिथून वर चढताना प्रत्येक पायरी महाग होत जाते आणि कानाला मिळणारं कमी.

आमच्या नागपुरात बर्डीवरच्या दुकानात मिळणाऱ्या पीए (सभा-समारंभांच्या लाउडस्पीकरच्या) ड्रायव्हरचं काय? वाईट असतीलच असं नाही, पण अनेकदा त्यांच्यासोबत माहितीपत्रक नसतं. एफएस (ड्रायव्हर स्वतः कुठल्या फ्रीक्वेन्सीला घुमतो), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं आहे) आणि व्हीएएस (त्याची लवचीकता किती लिटर हवेएवढी) हे तीन आकडे नसतील तर डबा किती लिटरचा करायचा हे ठरत नाही. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या कामापासून स्पीकरच्या डब्याचं गणित याच आकड्यांवर चालतं. एक रेझिस्टर, कॉम्प्युटरचं साउंड कार्ड आणि फुकट मिळणारं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर एवढ्यावर ते घरी मोजता येतात. मोजायची तयारी असेल तर स्वस्त ड्रायव्हर घ्या. नसेल तर ज्याचे आकडे छापलेले आहेत आणि इतरांनी तपासलेले आहेत तोच घ्या.

क्रॉसओव्हर: इथे फसवणूक जास्त

क्रॉसओव्हर म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्विटरला वाटून देणारं सर्किट, कपॅसिटर आणि कॉइल असतात ते त्यातच. कपॅसिटरच्या आत थोडा रोध असतो. नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक या स्वस्त प्रकारात तो अर्ध्या ओहमच्या आसपास जाऊ शकतो. ८ ओहमच्या ट्विटरपुढे त्याने सुमारे अर्धा डेसिबल आवाज कमी होतो. शिवाय इलेक्ट्रोलिटिक उष्णतेत लवकर म्हातारा होतो आणि आपला मे महिना तुम्हाला सांगायला नको. म्हणून ट्विटरच्या वाटेत इलेक्ट्रोलिटिक नको, पॉलिप्रॉपिलीन घ्या. इथवर पैसे वसूल.

पण साधा पॉलिप्रॉपिलीन आणि चांदी-तेलवाला यांची तुलना करा. दोघांतला रोध ओहमच्या शंभराव्या हिश्शांत. आणि ट्विटर वूफरपेक्षा जोरात वाजू नये म्हणून त्याच वाटेत तुम्ही स्वतःच्या हाताने दोन-तीन ओहमचा रेझिस्टर टाकलेला असतो. मग त्या शंभराव्या हिश्शाला विचारतो कोण? क्षमतेतली अचूकता हवी असेल तर साधे चार जास्त घ्या आणि एलसीआर मीटरवर (कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर मोजणारं यंत्र) जोड्या जुळवा. तो मीटर पुढच्या प्रत्येक कामात उपयोगी पडतो.

कॉइलचं थोडं वेगळं आहे. २ मिलिहेन्रीची एअर-कोअर (आत लोखंड नसलेली) कॉइल १.२ मिमी तारेची केली तर रोध साधारण अर्धा ओहम येतो. जाड तांब्याच्या पट्टीची इम्पोर्टेड कॉइल घेतली तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. ६ ओहमच्या वूफरपुढे हा फरक एक तृतीयांश डेसिबल. क्रॉसओव्हर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉइलचा खरा रोध भरला की डिझाइन तो सांभाळून घेतं.

आणि नागपुरात कॉइल विकत का घ्यायची? कूलरच्या कृपेने मोटर वाइंडिंगची दुकानं इथे पावलोपावली. १८ गेजची इनॅमल तार वजनावर मिळते. २ मिलिहेन्रीला साधारण ३५ मीटर लागते, म्हणजे साडेतीनशे-चारशे ग्रॅम. फक्त तांब्याचीच मागा. कूलरच्या मोटरला आता ॲल्युमिनियमही चालतं आणि इनॅमलखाली दोन्ही सारखी दिसतात. ब्लेडने टोक खरवडा. पांढरं दिसलं तर परत द्या, कारण तेवढ्याच जाडीत ॲल्युमिनियमचा रोध दीडपटीहून जास्त. लाकडी बॉबिनवर गुंडाळा, थोडे फेरे जास्त ठेवा, मीटरवर बघत उलगडत आणा. बोर्डवर दोन कॉइल शेजारी-शेजारी एकाच दिशेने बसवू नका, एक आडवी आणि एक उभी ठेवा. ही सुधारणा फुकट आहे आणि भारी कपॅसिटरपेक्षा मोठी.

कॉइल-कपॅसिटरचा क्रॉसओव्हरच नको असेल तर डीएसपी, म्हणजे तेच काम ॲम्प्लिफायरच्या आधी डिजिटल चिपवर. मिनीडीएसपीचा डबा किंवा एडीएयू १७०१ चिपचा स्वस्त बोर्ड, आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र ॲम्प्लिफायर. क्रॉसओव्हरची फ्रीक्वेन्सी बदलायची तर सोल्डरिंग नाही, माउस. स्वस्त बोर्डात ट्विटरमधून बारीक सुसकारा येतो, तो हळू आवाजात ऐकणाऱ्याला खटकेल. क्रॉसओव्हरच्या ज्या पद्धतीला त्यांचं नाव आहे त्या सिगफ्रिड लिंकविट्झ यांनी उतारवयात एलएक्समिनी हा स्पीकर काढला. त्याचं अंग पीव्हीसी पाइपचं, ड्रायव्हर मध्यम किमतीचे आणि क्रॉसओव्हर ॲक्टिव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधीचा. महाग कपॅसिटरला त्यात जागाच नाही.

डबा

लकडगंजात लाकूड, प्लाय, एमडीएफ सगळं मिळतं आणि सीएनसीवर कापूनही मिळतं. एमडीएफ आवाजाला चांगला, पण आपल्याकडे चार महिने खोलीत कूलर चालतो. त्या ओलाव्याने एमडीएफच्या उघड्या कडा फुगतात. कडा नीट सील करा, नाहीतर एचडीएचएमआर (ओलावा सोसणारा दाट बोर्ड) किंवा १८ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय घ्या. जास्तीचे पैसे इथे घालायला माझी ना नाही. आतून आडव्या पट्ट्या मारा. बर्च प्लायचे पॉलिश केलेले डबे सुंदर दिसतात, हौस म्हणून जरूर करा, आवाजासाठी नको.

वायर

२.५ चौरस मिमीची घरगुती तांब्याची वायर. ५ मीटर अंतराला जाऊन-येऊन रोध ०.०८ ओहम. विषय संपला.

माईक, आणि कानांवर किती विसंबायचं

यूएमआयके-१ सारखा कॅलिब्रेशन फाइलसह (माईकची स्वतःची चूक वजा करणारी फाइल) येणारा यूएसबी माईक एका भारी कपॅसिटर-जोडीच्या आसपासच्या पैशांत येतो. ट्विटर उलटा जोडला गेला, क्रॉसओव्हरच्या जागी खड्डा पडला, बॅफलच्या (डब्याच्या पुढच्या फळीच्या) रुंदीमुळे खालचा आवाज पातळ झाला, हे सगळं तो दाखवतो. हे दोष अनेक डेसिबलचे असतात, कपॅसिटरचे दशांशात.

कानांनी ठरवायचं असेल तर डोळे बाजूला ठेवावे लागतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं, की तेच श्रोते तेच स्पीकर बघून ऐकतात तेव्हा वेगळे गुण देतात आणि पडद्याआडून ऐकतात तेव्हा वेगळे. घरी करायचं तर एका स्पीकरला साधा कपॅसिटर लावा, दुसऱ्याला महाग. दोन्ही शेजारी ठेवा, मोनो लावा, आवाजाची पातळी माईकने जुळवा आणि अदलाबदल दुसऱ्याला करायला सांगा. आवाज किंचित मोठा असलेला सहसा ‘चांगला’ वाटतो, म्हणून पातळी जुळवणं सोडू नका. आणि हे करताना कूलर बंद.

मग घ्यायचं काय?

पहिलाच जोड असेल तर कुणीतरी मोजून प्रसिद्ध केलेलं डिझाइन निवडा, त्यात सांगितलेलेच ड्रायव्हर घ्या, साधे पॉलिप्रॉपिलीन, घरी गुंडाळलेल्या कॉइल आणि माईक. ‘त्याऐवजी हा भारीतला ट्विटर’ अशी अदलाबदल नको. प्रत्येक ट्विटरचा आलेख वेगळा, त्यामुळे तो क्रॉसओव्हर त्याला लागू पडत नाही आणि महाग ट्विटर स्वस्तापेक्षा वाईट वाजतो.

दुसरा-तिसरा जोड असेल, खोली मोठी असेल आणि मोठ्या आवाजात वूफर दमतो हे माईकवर डिस्टॉर्शनच्या आलेखात दिसलं असेल, तर रेव्हलेटर-प्युरिफायकडे वळा. मात्र ट्विटर एक जास्तीचा मागवा. जळाला तर इथे तसा मिळत नाही, आणि एकटा ट्विटर मागवला तर कुरिअर-ड्युटी त्याच्या किमतीच्या मानाने फार अंगावर येते.