जुने पाटे रंग मारून नवे म्हणून गळ्यात मारले, पिकअपवाल्यांनी हे वाचाच

माझी पिकअप २०१० ची, बोलेरो. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. घरचा टोमॅटो आणि शेजारच्या दोघातिघांचा माल नारायणगावला नेतो, भाव बरा असला तर माळशेज उतरून कल्याणला. गाडीची बरीचशी कामं मी घरीच करतो, पुतण्या हाताखाली असतो, त्यामुळं मागचे पाटे (गाडीचा भार झेलणाऱ्या वाकलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) बदलायचं कामही घरीच करायचं ठरवलं. काम नीट झालं, पण माल खोटा निघाला आणि त्यापायी मी आणि पुतण्या घाटात मरता मरता वाचलो. म्हणून सगळं लिहितोय, मोठं झालं तरी वाचा.

२०२५ चा जून. गाडी डावीकडं बसायला लागली होती. रिकामी उभी केली तरी उजव्या बाजूला हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधलं आडवं लोखंडी घर) आणि चेसीच्या रबरात चार बोटं जागा आणि डावीकडं जेमतेम दोन. खाली शिरून बॅटरी मारली तर डाव्या बाजूच्या तिसऱ्या पाट्याला सेंटर बोल्टपासून (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) वीतभर अंतरावर चीर गेलेली, नखाला लागत होती. म्हणलं एकच पाटा बदलून भागणार नाही, बाकीचे पण पंधरा वर्षाचे आहेत, दोन्ही बाजूंचे सेटच बदलू.

एका शनिवारी गाडी वर घेतली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, चेसीखाली घोड्या (लोखंडी स्टँड), हाउसिंगखाली जॅक. (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, कितीही घाई असली तरी.) यू बोल्ट (पाटे हाउसिंगला आवळून धरणारे) आदल्या रात्रीच डिझेलने भिजवून ठेवले होते तरी दोन कापावेच लागले. दोन्ही सेट खोलले आणि डावं उजवं मिसळू नये म्हणून मी छिन्नीने खुणा केल्या, डाव्या सेटच्या प्रत्येक पाट्याला बाजूच्या कडेवर तीन रेघा आणि उजव्याला एक. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

इथं माझी पहिली चूक झाली. नवीन माल हातात नसताना गाडी खोलून बसलो. कंपनीच्या काउंटरवर गेलो तर सेट शिल्लक नाही, आठ दिवस लागतील म्हणाले. इकडं टोमॅटोचा तोडा सोमवारी, गाडी घोडीवर. तिथंच बाहेर चहाच्या टपरीवर एकजण भेटला, म्हणाला कशाला थांबता, मागच्या गल्लीत हाच माल मिळतो. आता वाटतं तो तिथं त्याचसाठी उभा असणार.

दुकान चांगलं मोठं होतं, भिंतीला काळेकुळकुळीत पाटे लावून ठेवलेले, प्रत्येकावर स्टिकर. मित्राच्या टेंपोत माझे जुने सेट नेलेच होते, त्यांनी लांबी, बोल्टाचं भोक सगळं लावून बघितलं आणि सेट काढून दिले. "माऊली, कंपनीचाच माल आहे, फक्त पॅकिंग नाही म्हणून स्वस्त." दोन्ही सेट, चार यू बोल्ट, बुश आणि मागचे दोन शॉकअप (गचके झेलणारे) धरून पंधरा हजार सांगितले, जुने पाटे भंगारात घेऊन त्यातले अठराशे कमी केले. मी बिल मागितलं तर म्हणाला पक्कं बिल घेतलंत तर २८ टक्के जीएसटी वर पडेल (तेव्हा स्पेअर पार्टवर २८ होता, सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला). शेतकऱ्याला साडेतीन-चार हजार म्हणजे थोडे नाहीत, मी कच्च्या चिठ्ठीवर मान हलवली. पाच हजार फोनवरून टाकले, बाकी रोख. चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, फक्त "पाटा सेट २" आणि आकडा.

बसवताना दोन गोष्टी खटकल्या होत्या. एक म्हणजे हाताला काळा रंग लागत होता आणि वास येत होता, दुकानात महिनोन् महिने पडलेल्या मालाचा रंग ओला कसा? दुसरी जास्त महत्त्वाची, पाट्याच्या टोकाला जो गोल डोळा असतो त्यात नवा बुश दाबून, ठोकून बसवावा लागतो, इथं तो अंगठ्याने आत गेला. म्हणजे डोळा झिजून मोठा झालेला. पुतण्या बोलला पण, काका हा ढिला वाटतोय. मी म्हणलं नवीन आहे, बसेल. त्या पोराचं तेव्हा ऐकायला पाहिजे होतं.

बाकी काम आम्ही पद्धतशीर केलं. सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या भोकात बसलंय का बघितलं, यू बोल्ट तिरके तिरके एकआड एक आवळले, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणारा झुलता दुवा) बोल्ट गाडी खाली घेऊन वजन चाकावर आल्यावर टाइट केले, शंभर किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट परत आवळले. गाडी सरळ उभी राहिली, छान वाटलं.

तीन आठवड्यात उजवी बाजू बसली. शॉकअपमधनं तेल गळायला लागलं, पुसून बघितलं तर आतल्या दांड्याला उभे ओरखडे, म्हणजे तोही जुनाच, पॉलिश करून रंगवलेला. दुकानात फोन केला तर "नवीन पाटा सेट व्हायला वेळ लागतो, चालवा." हंगाम सुरू होता, मी चालवली.

ऑगस्टमधला दुसरा आठवडा. ५५ क्रेट, म्हणजे अकराशे किलो टोमॅटो, पहाटे माळशेज उतरत होतो, धुकं इतकं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. एका वळणावर ब्रेक दाबला आणि मागून खाट्कन आवाज आला, गाडीचं मागचं अंग एका बाजूला सरकलं, स्टेअरिंग सरळ असून गाडी तिरकी चालायला लागली. मी गिअर खाली टाकला आणि डोंगराच्या बाजूला गटारात चाक घालून थांबवली. दुसऱ्या बाजूला दरी होती. खाली बघितलं तर डावा मेन पाटा (सगळ्यात वरचा, लांब) सेंटर बोल्टच्या भोकातूनच तुटलेला. मेन पाट्याचा पुढचा अर्धा भागच हाउसिंगला जागेवर धरून ठेवतो, तो गेला की हाउसिंगची ती बाजू मागं सरकते. पुतण्या शेजारी बसला होता, किती वेळ काही बोललाच नाही. अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो.

माल दुसऱ्या गाडीत भरून दिला, पाटा लाकडाचा ठोकळा आणि साखळीने बांधला आणि रिकामी गाडी कशीबशी वर आणली. हायवेला एक वयस्कर चाचा आहेत, चाळीस वर्षं पाट्याचंच काम करतात, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी तुटलेला तुकडा हातात घेतला आणि मला उन्हात नेऊन तोंड दाखवलं. तुटलेल्या जागेचा निम्मा भाग करडा, चमकणारा, ताजा. उरलेला निम्मा काळा. मी म्हणलं गंज असेल, पावसाचे दिवस आहेत. त्यांनी थिनरचा बोळा फिरवला तर बोळा काळा झाला. रंग होता तो! चिरेच्या आत रंग, म्हणजे चीर आधीची आणि रंग नंतरचा. मग बाकीचे पाटे वायर ब्रशने घासले. खाली गंजाचे खड्डे. खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्याला घासून जी खाच पडते ती टोकापासून दोन इंच लांब, म्हणजे हे पाटे एका गाडीचे पण नव्हते, वेगवेगळ्या सेटमधले जमवलेले. घरी क्रेटच्या काट्यावर वजन केलं, एक सेट ३१ किलो चारशे, दुसरा २८ किलो नऊशे.

चाचांनी सांगितलं की जुना पाटा भट्टीत लाल करून परत कमान देतात, ते काम काही वाईट नाही, ते स्वतः करतात आणि गिऱ्हाइकाला सांगून करतात. पण पाणी देऊन (तापलेला पाटा एकदम थंड करून) पुन्हा बेताच्या आचेवर टेंपर नीट दिलं नाही तर पाटा एकतर काचेसारखा तुटतो नाहीतर मऊ राहून बसतो. माझ्या गाडीखाली दोन्ही प्रकार झाले होते. आणि चीर गेलेला पाटा कुणीही शहाणा माणूस भट्टीत घालत नाही.

दुकानदार आधी म्हणाला ओव्हरलोड केली असेल, मग म्हणाला हा माल आमचा नाहीच, बिल दाखवा. फोनवरचे पैसे कुणा भलत्याच माणसाच्या नावावर गेलेले. तरी ते स्क्रीनशॉट, चिठ्ठी, पाट्याचे फोटो आणि वजन घेऊन मी १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज तयार करतोय. पाच लाखापर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही, दोन वर्षाच्या आत करायचा आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो. गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर कायदा आपल्याला ग्राहकच धरतो. पक्कं बिल असतं तर हे सगळं किती सोपं झालं असतं.

पाटे घ्यायला जाल तेव्हा खिशात पॉलिश पेपर न्या आणि दुकानातच पाट्याच्या टोकाजवळ आणि भोकाजवळ रंग घासून बघा. घासू देत नसेल तर तसेच बाहेर पडा. नवा बुश डोळ्यात घालून बघा, हाताने गेला तर घेऊ नका. दोन्ही सेट काट्यावर ठेवा. आणि जुने पाटे अख्खे भंगारात देऊ नका, ग्राइंडरने मधोमध कापून द्या. मी नाही कापले.

तेच आता डोक्यातून जात नाही. माझा डावा सेट त्या दुकानात गेलाय, चीर गेलेल्या तिसऱ्या पाट्यासकट, आणि तो भंगारात गेला असेल असं मला वाटत नाही. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, पारनेर या बाजूला कुणी जून २०२५ नंतर सुटे, स्वस्तातले पाटे टाकले असतील तर गाडीखाली जाऊन बाजूच्या कडेवरचा रंग घासा. छिन्नीच्या तीन रेघा दिसल्या तर ते माझे आहेत, गाडी भरू नका, त्याच दिवशी काढून टाका.