कॉम्बो किट घेताना: १२ व्होल्ट की १८, दोन मशीनं की सहा?

कॉम्बो किट म्हणजे बॅटरीवर चालणारी मशीनं, बॅटऱ्या आणि चार्जर एकाच खोक्यात. खोक्यावर ‘१०८ पीस’ लिहिलं असेल तर त्यातले बहुतेक बिट आणि सॉकेट, म्हणजे मशीनच्या तोंडात बसवायची टोकं असतात. आधी बॅटरी बघा. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही, त्यामुळे किट निवडताना पुढची सगळी मशीनंही ठरून जातात.

व्होल्टच्या आकड्यांत बराच घोळ आहे. लिथियम सेल ३.६ व्होल्टचा, पाच सेल म्हणजे १८. तीच बॅटरी पूर्ण चार्ज झाली की २०-२१ दाखवते, म्हणून ‘२० मॅक्स’, ‘२१’ आणि ‘१८’ एकाच ताकदीचे. ‘१२’ म्हणजे तीन सेल, खरे १०.८.

घरासाठी १२ व्होल्टचं ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू फिरवणारं मशीन) बहुतेकांना पुरतं. ड्रिलचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण ३० न्यूटन-मीटर. बिजागऱ्या, पडद्याचे रॉड, कपाट जोडणं आरामात होतं, आणि वजन कमी असल्याने डोक्यावर हात धरून काम करताना खांदा भरून येत नाही. दरवाजात कुलपासाठी ५४ मिलिमीटरचं भोक पाडायला घेतलंत की मात्र ते अडकतं. अशी कामं वरचेवर असतील तर सरळ १८ घ्या.

इम्पॅक्ट ड्रायव्हर लांब स्क्रू लाकडात सहज उतरवतो, पण त्याला ड्रिलसारखा क्लच (ठरावीक जोर आला की फिरणं सोडून देणारा भाग) नसतो. बारीक स्क्रूवर ट्रिगर दाबून धरला की डोकं तुटतं किंवा स्क्रू प्लायमध्ये फिरत राहतो. तिथे ड्रिलच वापरा, क्लच २-३ वर.

धंद्यासाठी दोन पर्याय समोर येतात: सहा मशीनं आणि २ अँपिअर-अवरच्या (बॅटरीच्या क्षमतेचं माप) दोन बॅटऱ्या, किंवा दोन मशीनं आणि ४ च्या दोन. आमचं मत दुसऱ्याला. २ च्या बॅटरीत साधारणपणे पाचच सेल, ऊर्जा ३६ वॉट-अवर. ग्राइंडर ५०० वॉट ओढत असेल तर हिशोबाने चार मिनिटं. प्रत्यक्षात त्याआधीच सेल तापून मशीन बंद पडतं आणि लोक दोष ग्राइंडरला देतात. ४ च्या बॅटरीत बहुधा दहा सेल, दोन-दोन जोडीने. करंट वाटला जातो. ग्राइंडर, गोल करवत नंतर नुसती बॉडी म्हणून, बॅटरीशिवाय, घेता येतात. रोजच्या वापराला ब्रशलेस, म्हणजे घासणारे कार्बन ब्रश नसलेली मोटर घ्या. घरी कार्बन ब्रशवाली चालते.

किटमधल्या ‘हॅमर’ ड्रिलवर फार भिस्त ठेवू नका. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात, इतकंच. विटेत ६-८ मिलिमीटरचं भोक होतं. काँक्रीटच्या बीमवर बिट जागीच घासून बोथट होतो. तिथे हवेच्या दाबाने ठोकणारा रोटरी हॅमर लागतो. तो वेगळा घ्या, दिवसभराचं काम असेल तर वायरवालाच.

स्वस्त बॅटरीवरचा अँपिअर-अवरचा आकडा तपासायला वजनकाटा पुरतो. १८६५० सेलचं (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब नळकांडं) वजन ४५ ग्रॅमच्या आसपास, क्षमता साधारण ३.५ अँपिअर-अवरपर्यंत. अशा पाच सेलच्या बॅटरीवर ‘६’ छापलं असेल तर तो आकडा खोटा. ६ साठी असे दहा सेल लागतात; त्यांचंच वजन ४५० ग्रॅम, वर खोकं आणि सर्किट. त्याहून हलकी ‘६’ ची बॅटरी परत ठेवा. चार्जरवरचे अँपिअरही वाचा: २ अँपिअरच्या चार्जरवर ४ ची बॅटरी भरायला दोन तासांहून जास्त लागतात, तोवर दुसरी संपलेली असते.