ॲपवरचा फुकट स्कोअर की गृहकर्जाचा फायको?

अमेरिकेत घर घेण्याआधी मोबाइलवर क्रेडिट स्कोअर (कर्ज वेळेवर फेडाल का, याचा अंदाज देणारा आकडा) ७४० दिसतो आणि कर्ज देणारा ७०५ सांगतो. चूक कुणाचीच नसते, मोजमापच वेगळं असतं.

फुकट ॲपवर बहुतेक वेळा व्हँटेजस्कोअर ३.० नावाचा स्कोअर असतो. गृहकर्जासाठी मात्र वर्षानुवर्षे फायको या दुसऱ्या स्कोअरच्या जुन्या आवृत्त्या चालत आल्या. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन ब्यूरोंपैकी एक्सपेरियनकडे २, ट्रान्सयुनियनकडे ४, इक्विफॅक्सकडे ५. व्हँटेज आणि फायको, दोन्हींची पट्टी साधारण ३०० ते ८५०, त्यामुळे ते एकच वाटतात. पण वसुलीला गेलेली थकबाकी फेडली, की व्हँटेज ३.० ती मोजत नाही. जुना फायको मोजतो. नेमका तिथेच मोठा फरक पडू शकतो.

शिवाय कर्ज देणारी प्रत्येक संस्था तिन्ही ब्यूरोंना माहिती देतेच असं नाही, आणि दिली तरी एकाच दिवशी नाही. म्हणून कर्ज देणारा तिन्ही स्कोअर मागवून मधला धरतो. दोनच मिळाले तर कमी असलेला.

महिन्याचा कल पाहायला ॲप पुरेसं आहे. अर्ज तोंडावर आला असेल, तर पैसे मोजून गृहकर्जाचे तिन्ही फायको बघावेत, असं माझं मत. त्याआधी ब्यूरोंचे अहवाल तपासा; ते फुकट मिळतात.